चंपाबाईचा घसा

पुंडलिकनगरातल्या त्या घरात व्यंकटरावांनी ‘चंपाबाई’ अशी हाक मारली की त्यांची सख्खी मुलगी उठून पाणी द्यायला जायची. व्यंकटराव अदबीनं म्हणायचे, ठेवा तिथं. पोटच्या लेकीला अहो-जाहो करणारा बाप सगळ्या शहरात दुसरा नसेल, आणि त्यात त्या म्हाताऱ्याची काडीचीही चूक नव्हती. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. माणसं ते आवाजावरून ओळखायचे, आणि लेकीचा आवाज शेंद्र्याच्या कारखान्यात जळून गेला होता. बाकीचं सगळं घरातल्या तीन शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून रचलेलं खोटं होतं.

मुलीचं नाव मनस्विनी, घरात मनू. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली, शेंद्र्यात रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. शेंद्र्याच्या माळावर तेव्हा रोज नवं शेड उठत होतं. कालपर्यंत जिथं बाजरी होती तिथं आज गेट, आणि बाजरीवाला गेटवर शिट्टी घेऊन उभा. घाई सगळ्यांनाच झालेली. त्या घाईत एके दिवशी एका टाकीचा व्हॉल्व्ह उडाला आणि मनू नेमकी नमुना घ्यायला टाकीशी उभी होती. बाहेरून फारशी भाजली नाही ती. गरम वाफ घशातून छातीत उतरली. मग पुष्कळ दिवस घशात नळी आणि शेजारी श्वास देणारं यंत्र. जीव वाचला, लांब केस तेवढे तिथंच कापावे लागले. नळी काढली आणि मनू बोलायला गेली, तर भाता फाटलेल्या पेटीतून यावा तसा नुसता वारा आला, आणि त्या वाऱ्यात कुठंतरी खरखरणारे शब्द.

आता खोटं कसं जन्माला आलं ते सांगायला हवं. मनूची आई, कालिंदीबाई, आदल्याच वर्षी गेली होती. त्या पाठोपाठ व्यंकटरावांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मनूचा थोरला भाऊ हिमांशू बँकेत होता. डॉक्टरचं वाक्य त्यानं बँकेच्या परिपत्रकासारखं शिरसावंद्य मानलं. मनू दवाखान्यात मरणाशी झुंजत असताना त्यानं वडिलांना सांगितलं की कंपनीनं तिला तातडीनं जर्मनीला पाठवलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटलं. कधी ना कधी ती उघडावी लागते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. हिमांशू माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या मायेइतकी घातक गोष्ट दुसरी नसते.

मनूला घरी आणलं तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं. उंबऱ्यातच तिला राहवलं नाही आणि ती ‘अण्णा’ म्हणाली. व्यंकटराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवून विचारलं की कोण आलंय, आणि कुणाचा घसा इतका बसलाय. हिमांशूची बोबडी वळली. तो बोलून गेला, ‘चंपाबाई. तुमच्याकडे बघायला ठेवलंय त्यांना.’ कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईचं नाव ते, आयत्या वेळी तेवढंच त्याच्या तोंडात आलं.

‘या चंपाबाई,’ व्यंकटराव म्हणाले, ‘बसा. घशाला ज्येष्ठमध घेत जा.’

तिथंच खरं सांगून टाकलं असतं तर निभावलं असतं. हिमांशूची बायको वैदेही तोंड उघडणारही होती. पण मनूनंच हातानं नको नको केलं. आपला हा आवाज ऐकून अण्णांना काय काय दिसेल, याच्या कल्पनेनंच तिचा जीव गोळा झाला. थोडे दिवस, तिनं रात्री वैदेहीला कागदावर लिहून दाखवलं. आवाज सुधारला की मी मनू म्हणूनच त्यांच्यापुढे जाईन. ते थोडे दिवस वर्षाकडे सरकले आणि वर्ष दुसऱ्यात गेलं, आणि मनू आपल्याच घरात कामवाली होऊन राहिली.

कुणी म्हणेल, बापाला लेकीचा हात ओळखता येऊ नये? तर त्याचं असं आहे. व्यंकटराव भिक्षुकी करणाऱ्या घराण्यातले. वडिलांनंतर ते पाटबंधारे खात्यात कारकून झाले तरी वागण्याची शिस्त जुनीच राहिली होती. परक्या बाईच्या अंगाला स्वतःचं बोट लागू नये म्हणून ते इतके जपत, की बाथरूमपर्यंत जायचं तरी काठीचं एक टोक आपण धरायचे आणि दुसरं चंपाबाईनं. वाटी खाली ठेवल्याशिवाय उचलायचे नाहीत. दीड हात काठीच्या दोन टोकांना बापलेक रोज चालायचे, आणि बाप एकीकडे जर्मनीतल्या लेकीची चौकशी करायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण लोक हसत हसत वापरतात. त्या घरात ती पाहिली असती तर कुणाला हसू आलं नसतं.

सोंग घेतलं की ते नीट वठवावं लागतं. मनू शेंद्र्यात खेड्यातल्या बायकांबरोबर डबा खायची, त्यांची बोली तिनं उचलली. गाव विचारलं तेव्हा तिनं लासूर स्टेशन सांगून टाकलं. एकेका शब्दासाठी घसा दाबावा लागायचा, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, म्हणून चंपाबाई फार बोलायची नाही. व्हय काका, नाय काका, पानी ठिवलंय. व्यंकटरावांना हे कमी बोलणं आवडायचं. त्यांना तिची हळूहळू सवय झाली, मग माया लागली. ताटातला लाडू अर्धा ठेवून, चंपाबाई, हा तुम्ही घरी न्या, असं सांगायचे. मनू तो लाडू स्वयंपाकघरात उभी राहून खायची आणि रडू दाबायची, कारण रडण्याचाही आवाज असतो.

ते दिवस पाण्याच्या नावानं ठणठणाट होते. समोर चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं, त्यांनी बोअर खोल मारला आणि यांच्या बोअरनं मान टाकली. नळ येईल तेव्हा खरा. व्यंकटरावांचं आयुष्य धरणाच्या पातळ्या लिहिण्यात गेलं होतं, त्यामुळे सकाळी पहिला प्रश्न ठरलेला, जायकवाडीत किती? वैदेही पेपर उघडून सांगायची, मृतसाठा. मग ते म्हणायचे, म्हणजे आता गाळ. आणि दुसरा प्रश्न, मनूचा फोन आला का? तिकडची वेळ वेगळी, लाइन मिळत नाही, अशी उत्तरं द्यायची. पत्र मनूच लिहायची आणि वैदेही जर्मनीहून आल्यासारखं वाचून दाखवायची. पत्रातल्या जर्मनीत रोज पाऊस पडायचा.

अशाच एका उन्हाळ्यात, दुपारी कूलरमध्येही पाणी नव्हतं तेव्हा, मनू त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालत बसली होती. व्यंकटरावांनी सहज विचारलं की चंपाबाई, तुम्हाला लेकरं किती.

‘येकच पोरगी हाय, काका. लांब दिली, सुरतंला.’

‘फोन करते का?’

मनूला वाटलं, बिचाऱ्या चंपाबाईच्या वाट्याला एवढं तरी सुख असू द्यावं. ती म्हणाली, ‘करती की. दर आयतवारी. येवढ्या लांबून बी चुकत नाय.’

व्यंकटरावांनी हात वर करून तिला थांबवलं. मग म्हणाले, राहू द्या वारा, दमला असाल. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मनूच्या फोनचं विचारणं सोडून दिलं. पत्र वाचलं की बरं म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. हिमांशूला वाटलं, चला, आता सवय झाली त्यांना. मनूला वाटलं, अण्णा माझ्यावर रुसले. खरं काय ते दोघांपैकी एकालाही कळलं नाही, आणि दोघं पदवीधर होते.

त्या रुसव्यानंच मनू डॉक्टर नोमानकडे गेली. रोशनगेटचा हा तरुण दक्षिणेत स्वरयंत्राचं शिक्षण घेऊन नुकताच शहरात परतला होता. आधीचे डॉक्टर बघायचे, मान हलवायचे आणि वाफारा घ्या म्हणायचे. नोमाननं घशात दुर्बीण घालून पडद्यावर तिला तिच्या स्वरपट्ट्या दाखवल्या. दोन्ही पांढुरक्या, ताठ, मध्ये फट राहिलेली. दुधावर साय धरते, ती कशी लहरते, तसा या पट्ट्यांचा वरचा पदर सैल असतो, त्याच्या लहरीनं आवाज होतो, असं त्यानं समजावलं. तुमची साय पातेल्याला चिकटून बसलीय, ताई. वण झालाय. कानाच्या वर केसांत एक चीर द्यायची, तिथल्या स्नायूवर कागदासारखा पापुद्रा असतो, तो थोडा काढायचा आणि स्वरपट्टीत खण करून आत सरकवायचा. तो जगला तर पट्टी पुन्हा भरेल, फट मिटेल, लहर उठेल.

मनूनं कागदावर लिहिलं, आवाज परत येईल?

नोमान खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. ‘ताई, आवाज येईल असं मला वाटतं,’ तो म्हणाला. ‘तुमचा जुना येईल असं मी म्हणणार नाही. वेगळा असेल. किती वेगळा, ते मलाही आज माहीत नाही.’

माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. मनूनं ‘येईल’ ऐकलं, बाकीचं तिच्या कानाशी येऊन परत गेलं. नोमाननं पुढंही पुष्कळ सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर मौन, मग हळूहळू सराव, आधी काही महिने आवाज आणखी बिघडेल, घाबरू नका. आणि एक गोष्ट जन्मभर पाळायची, कुजबुजायचं नाही, घसा आवळून बोलायचं नाही. ही जी तुम्हाला सवय लागलीय ना, घसा दाबून शब्द काढायची, तिनं बसवलेला पापुद्रा पुन्हा वणात जाईल आणि मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. मनूनं हो हो म्हणून मान हलवली. ती सवय तर चंपाबाईची होती, आणि चंपाबाई आता जाणारच होती.

थंडीत शस्त्रक्रिया ठरली. व्यंकटरावांना सांगितलं की चंपाबाईच्या पोरीचं बाळंतपण आहे, त्या काही महिने येणार नाहीत. जायच्या दिवशी त्यांनी वैदेहीला कपाटातून कालिंदीबाईंची पश्मिना शाल काढायला लावली आणि ती खाटेच्या कडेवर ठेवली. न्या चंपाबाई, पोरीला होईल, असं म्हणाले. मनू चरकली. ती शाल तिची होती. तिच्या लग्नात तिला द्यायची, असं आई शेवटच्या दिवसांतही बोलली होती, अण्णांच्या देखत. अण्णांना विसर पडायला लागला असावा, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि शाल उचलून घेतली.

चीर कानाच्या वर, केसांत लपेल अशी. पापुद्रा निघाला, घशात उतरला. मनू माडीवरच्या खोलीत राहायला गेली, चपला न घालता चालायची. खाली अण्णांना संभाळायला एक बाई आणली. ती चांगली होती, गप्पिष्ट होती, आणि व्यंकटरावांना ती अजिबात चालली नाही. त्यांचं जेवण उतरलं. दिवसातून दोनदा ते चंपाबाई कधी येणार म्हणून विचारायचे, आणि वर जिन्याच्या तोंडाशी बसलेली मनू दोन्ही हातांनी तोंड झाकून ऐकायची. ओ देता येत नव्हती. मौन हे औषध होतं, त्यात एक शब्दही विष. हृदयाचे डॉक्टर घरी येऊन व्यंकटरावांना तपासून गेले आणि हिमांशूला बाहेर नेऊन म्हणाले की हृदय फार थकलंय, आता जे काही भेटायचं-बोलायचं असेल ते उरकून घ्या.

मौन सुटलं तेव्हा आवाज पहिल्यापेक्षा वाईट. मनूनं दोन दिवस अन्न टाकलं. नोमान रोज सराव घेत राहिला, आ, ऊ, म, पुन्हा म. होळी झाली, पाडवा झाला, ऊन पेटलं, टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायकांचा कालवा खालच्या रस्त्यावरून रोज वर यायला लागला. आणि त्या कालव्यात एका सकाळी मनूच्या घशातून स्वच्छ, सलग, न फाटलेला स्वर निघाला. ती ‘हिमू’ म्हणाली. हिमांशू दाढी करत होता, तो तसाच साबण तोंडाला घेऊन धावत आला आणि बहिणीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला.

आवाज चांगला होता. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा, शांत. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या एखाद्या पोक्त बाईचा वाटावा असा. मनूचा जुना आवाज उंच होता, भरभर चालणारा, शब्दाच्या शेवटी उडी मारणारा. वैदेही म्हणाली, छानच आलाय गं, आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. मनूनं हिमांशूच्या लग्नाची जुनी फीत लावून त्यातली स्वतःची बडबड ऐकली. थोडीशीच ऐकली आणि बंद केली. बापच आहे तो, तिनं स्वतःला बजावलं, ओळखेल. रक्ताला रक्ताची ओढ असते म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मनू जर्मनीहून आली. म्हणजे सकाळी मागच्या दारानं बाहेर पडली, आणि बॅग घेऊन रिक्षातून पुढच्या दारी उतरली. खाटेशी जाऊन तिनं वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं.

‘अण्णा, मी आले. मी मनू.’

व्यंकटरावांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. त्यांचे ओठ थोडे हलले. त्यांनी हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवला, खांद्यापर्यंतही न पोचणारे केस चाचपले, बोटं कानाच्या वर त्या खडबडीत रेघेवर आली आणि थांबली. मनू भडाभडा बोलत सुटली. पैठणच्या घाटावर मी पाय घसरून पडले होते, तुम्ही धोतरासकट पाण्यात उडी मारली होती, आईनं दोघांनाही शिव्या दिल्या होत्या, आठवतं ना अण्णा? व्यंकटरावांनी हात मागे घेतला.

‘आठवतं,’ ते म्हणाले. ‘आलीस, बरं झालं. लांबचा प्रवास झाला, आराम कर बाळ.’

झालं. हिमांशूनं पेढे आणले. वैदेहीनं डोळे पुसले. मनूच्या छातीवरचा दोन वर्षांचा धोंडा उतरला. बाप तिला तू म्हणाला होता. तेवढ्या एका ‘तू’साठी तिनं घसा चिरून घेतला होता, आणि तो मिळाला. मुलीला भेटूनही म्हातारा रडला कसा नाही, जर्मनीबद्दल एक प्रश्न विचारला कसा नाही, हे त्या आनंदात कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट अण्णा आणखी खूश व्हावेत म्हणून वैदेहीनं सांगितलं की चंपाबाईंचाही निरोप आलाय, त्याही आज येतील. त्या बाईला कायमचं गावी कसं पाठवायचं ते पुढं बघू, असा तिचा विचार.

दुपारी हिमांशू बँकेत गेला, वैदेही आपल्या शाळेत निकालाच्या कामाला. नव्या बाईला रजा दिलेली, घरात बापलेक दोघंच. मनूनं ताट वाढून नेलं, अण्णा, जेवून घ्या म्हणाली. व्यंकटरावांनी भूक नाही सांगितलं. तू पड जा बाळ, मी बरा आहे. पाहुण्या पोरीशी बोलावं तसं, गोड आणि दुरून. ती शेजारच्या खोलीत येऊन बसली. थोड्या वेळानं आतून हलकी हाक आली.

‘चंपाबाई... आलात का?’

मनू दारात गेली. ‘अण्णा, मी आहे. काही हवंय का?’

‘नाही नाही. काही नको.’

ती परत फिरली. पुन्हा हाक आली, पहिलीपेक्षा क्षीण. ताट तसंच होतं. आदल्या दिवशीही त्यांनी दोन घासच खाल्ले होते. मनू दारातच उभी राहिली. तिनं हनुवटी खाली घेतली, गळ्याच्या शिरा आवळल्या आणि आतून जुनी खरखर खेचून वर आणली. काटा टोचावा तसं दुखलं.

‘आले, काका.’

व्यंकटरावांचा चेहरा एकदम उघडला. सकाळी लेक भेटली तेव्हा उघडला नव्हता तो चेहरा. या, या, बसा, दार लोटून घ्या, असं म्हणत त्यांनी नेहमीसारखं काठीचं टोक पुढं केलं आणि मनूनं ते धरलं. पोरगी सुटली का व्यवस्थित, शाल आवडली का, सगळं विचारलं. मनू व्हय व्हय करत राहिली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

‘चंपाबाई, आज यांनी एक मुलगी आणलीय. म्हणते, मी मनू. आवाज छान आहे हो तिचा, माणूसही चांगली वाटली. कुणाची कोण, काय सांगून आणली असेल बिचारीला. घाटावरची गोष्टसुद्धा पढवून ठेवलीय. पण रडली ती खरं रडली. मी म्हटलं, आलीस, बरं झालं. काय करणार? हिमांशूचा जीव केवढासा आहे.’

मनूच्या हातातली काठी हलली. व्यंकटरावांना वाटलं, चंपाबाईला वाईट वाटलं. ते तिची समजूत घालत म्हणाले, ‘माझी मनू गेली, बाई. शेंद्र्यात तेव्हा वाफेनं माणसं भाजली, ते मी शेजारच्या कूलरच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकलं होतं. मग म्हणे ती जर्मनीला गेली. ती दिवसातून दोनदा फोन करणारी पोर, जिवंत असती तर गप्प बसली असती का? पोरं मला जपतात, म्हणून मीही फसल्यासारखं दाखवतो. तुमच्याजवळ बोललो, कारण या घरात तुम्ही एकट्याच माझ्याशी खोटं बोलत नाही.’

सांगून टाकावं, असं मनूला आतून उसळून आलं. पण कुठल्या आवाजात? नव्या आवाजात सांगितलं तर ती सकाळची पढवलेली मुलगी. या खरखरीत सांगितलं तर चंपाबाईही पोरांना सामील झालेली, आणि मग या माणसाला विश्वासानं बोलायला जगात कुणी उरणार नाही. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून विणलेलं जाळं होतं ते, आणि आता त्याला आत-बाहेर करायला फट राहिली नव्हती.

‘उद्या अक्षय्य तृतीया,’ व्यंकटराव म्हणाले. ‘गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची. कालिंदीची घागर वैदेही भरेल. तुम्ही माझं एक काम करा. कुंभाराकडून एक मातीची घागर जास्तीची आणा आणि भरून माझ्या खाटेखाली ठेवा. मनूच्या नावची. गेल्या साली राहिली माझ्याकडून. अशा दुष्काळात पोर तहानलेली राहिली, हे रोज मनात येतं. मुलांना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल.’

‘नाय सांगत, काका,’ मनू म्हणाली.

संध्याकाळी हिमांशू परतला तेव्हा मनूच्या नव्या आवाजाला मधेच चिरा पडत होत्या. प्रवासाचं नाटक फार झालं आज, तो हसत म्हणाला, उद्या डॉक्टरांना दाखवून घे. मनूनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरकडे गेली नाही. वैदेही देवघरात सासूची घागर पुजत असताना मनूनं पिंपातलं पाणी गाळून दुसरी घागर भरली, वर फडकं बांधलं आणि अण्णांच्या खोलीत नेऊन दार लोटलं. व्यंकटरावांनी खाटेवरून वाकून घागरीच्या पोटाला हात लावला. गार लागली, काठोकाठ भरलीय ना, असं विचारलं. मग ओंजळ पुढं धरली. चंपाबाईनं तांब्यातून तिच्यात पाणी घातलं. त्यांनी गोत्र उच्चारलं, मनस्विनी असं पूर्ण नाव घेतलं, आणि ओंजळीतलं पाणी ताम्हनात सोडलं. तीनदा सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी निवांतपणा दिसत होता.

हात पुसून ते म्हणाले, ‘आता आणा ताट, चंपाबाई. जेवतो मी थोडं.’